अवताराचे हरवलेले नगर: 'हॅबिटॅट'चा उदय, अस्त आणि पुनरुज्जीवन

१/ आज नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी मोबाईलवर स्वतःचा 'अवतार' घडवतात. केस निवडतात, कपडे बदलतात आणि त्या रूपात दूरदेशीच्या मित्रांना भेटतात. पुराणांतला हा शब्द संगणकाच्या पडद्यावर कुणी आणला? उत्तर १९८५ साली कॅलिफोर्नियात आकाराला येऊ लागलेल्या एका खेळात सापडते. तो खेळ फसला, बंद पडला, विस्मृतीत गेला आणि सुमारे तीन दशकांनी पुन्हा उभा राहिला. आजचा धागा त्या खेळाचा: 'हॅबिटॅट'.

२/ 'स्टार वॉर्स'कार जॉर्ज लुकस यांच्या लुकसफिल्म कंपनीचा एक छोटा विभाग संगणकीय खेळ तयार करीत असे. तेथे चिप मॉर्निंगस्टार यांनी एक धाडसी प्रस्ताव मांडला. हजारो माणसांनी आपापल्या घरून टेलिफोनच्या तारेने एकाच चित्रमय नगरात यावे, तेथे राहावे, बोलावे, व्यापार करावा. रँडी फार्मर हे त्यांचे प्रमुख सहकारी. व्हर्नर व्हिंज यांची 'ट्रू नेम्स' ही विज्ञानकथा आणि लहानपणीचे लुटुपुटीचे खेळ, या दोन्हींतून ही कल्पना स्फुरली होती.

३/ नगरातल्या रहिवाशाला म्हणायचे काय? खेळाडू तर घरी खुर्चीत बसलेला. पडद्यावर वावरते ते त्याने धारण केलेले रूप. संस्कृतात 'अव + तृ' म्हणजे खाली उतरणे. टेलिफोनच्या तारेतून दुसऱ्या लोकात उतरणाऱ्या माणसासाठी मॉर्निंगस्टार यांनी 'अवतार' हा शब्द निवडला. योगायोगाने त्याच १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांच्या 'अल्टिमा ४' या खेळाच्या नावातही हा शब्द आला. पण तेथे अवतारपद एका सद्गुणी नायकाने साधनेने मिळवायचे होते. हॅबिटॅटमध्ये मात्र प्रत्येक रहिवासी अवतार होता. पुढे १९९२ च्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीने हा शब्द जगभर पोहोचवला.

४/ महत्त्वाकांक्षा किती मोठी होती? आराखडा वीस हजार रहिवाशांचा होता. म्हणजे वीस हजार घरे, ती सामावणारी गावे आणि शहरे, त्यांना जोडणारे रस्ते, बाजारपेठा, मनोरंजनाच्या जागा आणि गावांच्या मध्ये मोकळे रान. शिवाय या वीस हजारांना रोज काही ना काही उद्योग हवा. एवढी सृष्टी रचायला माणसे किती होती? एका हाताच्या बोटांवर मोजावीत, जवळपास तितकीच.

५/ साधने त्याहून तुटपुंजी. घरोघरी होता तो 'कमोडोर ६४' हा संगणक, त्याची स्मृती ६४ किलोबाईट. आज मोबाईलवरून पाठवलेला एक साधा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. मॉडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे सुमारे तीस अक्षरे. या वेगाने ६४ किलोबाईट पाठवायला छत्तीस मिनिटे लागतात. अशा तारेतून संपूर्ण नगर कसे जाणार?

६/ त्यावरची युक्ती नीट समजून घ्यावी, कारण पुढे पुनरुज्जीवनाची सारी कथा तिच्याभोवती फिरते. झाड, दार, घर, माणूस यांची चित्रे खेळाडूच्या घरच्या फ्लॉपीवर ठेवली. दूरच्या मध्यवर्ती यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, फक्त नोंदवही ठेवली: कोणते झाड कुठे आहे, कुणाच्या खिशात काय आहे, दार उघडे की बंद. तारेतून जात असे ती एवढीच वार्ता: 'अमक्या अवताराने हात वर केला.' चित्र घरचा संगणक काढी. अशा रीतीने नगराचे दोन भाग झाले. देखावा घरोघरी राहिला आणि स्मरण एकाच ठिकाणी.

७/ हे मध्यवर्ती यंत्र होते 'क्वांटम लिंक' या सेवेकडे. (हीच कंपनी पुढे 'अमेरिका ऑनलाइन' या नावाने जगप्रसिद्ध झाली.) १९८६ मध्ये मर्यादित सभासदांसाठी प्रायोगिक नगर खुले झाले. प्रत्येक नव्या अवताराला २००० टोकन म्हणजे तेथील चलन मिळे आणि रोज हजेरी लावली की आणखी १००. दुकानात डोकीसुद्धा विकत मिळत. कंटाळा आला की जुने उतरवून नवे चढवावे! मुख्य शहराचे नाव 'पॉप्युलोपोलिस'.

८/ निर्मात्यांनी पहिला मोठा उत्सव योजला: एका बेटावरची खजिनाशोधाची मोहीम. बेटाचे नाव 'डिनाल्सी'. इंग्रजीत 'आयलंड' उलटे लिहिले की हे नाव होते. शंभर दृश्यांचे बेट घडवायला कित्येक आठवडे गेले. खेळाडू काही दिवस त्यात गुंततील, असा अंदाज होता. एका खेळाडूने पहिल्या पंधरा मिनिटांत कळीचा दुवा ओळखला आणि सुमारे आठ तासांत कोडे सोडवले. पुष्कळांना तर मोहीम सुरू झाल्याचे कळेपर्यंत ती संपलीही होती.

९/ मग अर्थव्यवस्थेने धक्का दिला. एका विक्रीयंत्रात बाहुली ७५ टोकनांना मिळे. दूरच्या दुसऱ्या यंत्रात तीच गहाण टाकली तर १०० मिळत. दुसरीकडे स्फटिकाचा गोळा १८,००० ला मिळे आणि ३०,००० ला खपे. काही अवतारांच्या हे लक्षात आले. आधी बाहुल्यांच्या फेऱ्या मारून त्यांनी भांडवल जमवले, मग गोळ्यांचा व्यापार केला. एका रात्रीत नगरातील एकूण चलन पाचपट झाले!

१०/ विचारणा झाली तेव्हा त्या व्यापाऱ्यांनी आपण काहीही गैर केले नसल्याचे ठासून सांगितले आणि कृती उघड करण्यास नकार दिला. चूक किंमत ठरवणाऱ्यांची होती, हेही खरेच. पण पुढचा भाग अधिक बोलका आहे. त्या नवश्रीमंतांनी हा पैसा इतर रहिवाशांसाठी खजिनाशोधाच्या स्पर्धा भरवण्यात खर्च केला. निर्मात्यांना न साधलेला उत्सव रहिवाशांनी स्वतःच्या पैशाने साजरा केला.

११/ त्याहून गंभीर प्रश्न हिंसेचा. निर्मात्यांनी नगरात बंदुका ठेवल्या होत्या. मारला गेलेला अवतार रिकाम्या खिशांनी आणि स्वतःचे डोके हातात धरून घरी परते. हातातली वस्तू मात्र घटनास्थळीच जमिनीवर पडे. लवकरच वाटमाऱ्या सुरू झाल्या. मग वाद पेटला: हॅबिटॅटमधला खून हा गुन्हा की खेळाचाच भाग? मत घेतले गेले, तेव्हा रहिवासी जवळजवळ निम्मे-निम्मे विभागले गेले.

१२/ एक रहिवासी प्रत्यक्ष जीवनात ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथाचा धर्मगुरू होता. त्याने नगरात पहिला धर्मसंघ स्थापला. नाव गमतीचे, 'पवित्र अक्रोडाचा संघ'. त्याच्या अनुयायांना शस्त्र बाळगण्यास, चोरीस आणि कोणत्याही हिंसेस मनाई होती. पुढे तडजोड निघाली: शहरात शस्त्रे आणि चोरी बंद, रानात मोकळीक. रहिवाशांनी निवडणूक घेऊन एक शेरीफही निवडला. त्याला अधिकार किती द्यावेत यावर पुन्हा चर्चा झडल्या. राज्यसंस्थेच्या उगमाविषयी पाठ्यपुस्तकांत जे वाचायला मिळते, ते येथे काही महिन्यांत टेलिफोनच्या तारेवर घडत होते.

१३/ या साऱ्याची बातमीदारी कोण करी? 'द रँट' नावाचे साप्ताहिक. एक अवतार त्याचा संपादक. तो आठवड्याचे वीस ते चाळीस तास खर्चून कधी वीस, कधी चाळीस-पन्नास पानांचा अंक काढी. त्यात बातम्या असत, जाहिराती असत आणि कल्पित साहित्यही असे. हे सर्व अशा नगराविषयी, जे कोणत्याही नकाशावर नव्हते.

१४/ तरीही प्रयोग फसला. सभासद काही शेकड्यांतच राहिले; पण जे होते ते तासन्‌तास नगरातच रमत आणि सामायिक यंत्रणेवर भार टाकीत. वीस हजार रहिवासी खरोखरच आले असते, तर ही यंत्रणा कोलमडली असती. खर्चाचे गणित जमेना. १९८८ मध्ये प्रयोग संपला आणि त्याची छाटलेली आवृत्ती 'क्लब कॅरिब' या नावाने सुरू झाली. तीत गप्पागोष्टींना जागा होती. मूळची भव्य सृष्टी मात्र गेली. जपानच्या फुजित्सू कंपनीने हक्क घेऊन १९९० मध्ये तेथे स्वतःचे 'हॅबिटॅट' चालवले. मूळ अमेरिकी नगर मात्र अंधारातच राहिले.

१५/ १९९० मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन येथे भरलेल्या परिषदेत मॉर्निंगस्टार आणि फार्मर यांनी आपल्या अनुभवांवर निबंध वाचला. त्याचा सारांश असा: अशा जगाचे सविस्तर केंद्रीय नियोजन अशक्य असते, निर्माता साधने देतो, समाज रहिवासीच घडवतात. बाहुल्यांचा व्यापार, धर्मसंघ, शेरीफ, साप्ताहिक यांविषयी आज जे माहीत आहे, त्याचा मोठा आधार हा निबंध आणि फार्मर यांची टिपणे आहेत. २००१ मध्ये संगणकीय खेळांच्या क्षेत्रातील 'फर्स्ट पेंग्विन' पुरस्कार याच दोघांना मिळाला. तो पुरस्कार नव्या वाटेवर पहिली उडी घेणाऱ्यांसाठी असे.

१६/ आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने स्वतःला विचारण्याचा प्रश्न: असे नगर नष्ट झाले म्हणजे नेमके काय नष्ट झाले? वर पाहिल्याप्रमाणे नगराचे दोन भाग होते. फ्लॉपीवरचा देखावा संग्राहकांच्या कपाटांत टिकला. सर्व्हरवरचे स्मरण यंत्र थांबताच संपले. तिसरा भाग होता रहिवाशांचा, आणि तो कोणत्याही यंत्रात नव्हता. सर्व्हरविना ती फ्लॉपी म्हणजे कुलूप हरवलेली किल्ली.

१७/ मराठी वाचकाला अशा हानीची आणि पुनर्रचनेची एक जुनी ओळख आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या. ज्यांनी जे पाहिले-ऐकले, त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली. तेव्हा शिष्यांनी स्मरणातून तो ग्रंथ पुन्हा उभा केला. म्हणूनच आज त्याचे वेगवेगळे पाठ आढळतात. नांदेड जिल्ह्यातील माहूर हे या परंपरेचे मोठे स्थान.

१८/ श्रद्धेच्या ग्रंथाची आणि खेळाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. साम्य आहे ते पद्धतीत. मूळ प्रत हरवली की तीन गोष्टी उपयोगी पडतात: उरलेले तुकडे, जाणत्यांचे स्मरण आणि पुन्हा जुळवण्याची चिकाटी. हॅबिटॅटच्या चाहत्यांनी नेमके हेच केले.

१९/ पहिला तुकडा २००५ च्या सुमारास जुळला. कमोडोर ६४ च्या काही चाहत्यांनी 'क्वांटम लिंक रिलोडेड' हा प्रकल्प सुरू केला. मूळ सेवा कधीच बंद झाली होती. फ्लॉपीवरचा जुना प्रोग्राम सर्व्हरला काय विचारतो आणि कोणत्या उत्तराची वाट पाहतो, हे त्यांनी अभ्यासले. संभाषणातील एकाच व्यक्तीची वाक्ये हाती असताना दुसरीची वाक्ये ताडावीत, तसे हे काम. त्यातून जुन्या संगणकाला समाधानकारक उत्तरे देणारा नवा सर्व्हर तयार झाला.

२०/ दुसरा टप्पा ओकलंड येथील एका संग्रहालयाचा: 'म्युझियम ऑफ आर्ट अँड डिजिटल एंटरटेनमेंट'. त्याचे संस्थापक अॅलेक्स हँडी यांनी २०१३-१४ च्या सुमारास हॅबिटॅटचे मूळ निर्माते आणि क्वांटम लिंकचे जाणकार एकत्र आणले. मूळ सर्व्हर 'स्ट्रॅटस' कंपनीच्या खास यंत्रांवर चाले, म्हणून तशा यंत्राचीही जुळवाजुळव झाली. फुजित्सूकडे गेलेल्या हक्कांचाही मार्ग काढावा लागला. २०१६ मध्ये हॅबिटॅटचा मूळ कोड सर्वांसाठी खुला झाला.

२१/ तरीही जुना सर्व्हर जसाच्या तसा चालवणे व्यवहार्य नव्हते. म्हणून फार्मर यांच्या पुढाकाराने स्वयंसेवकांनी 'निओहॅबिटॅट' हाती घेतले. मॉर्निंगस्टार यांनी नंतरच्या काळात घडवलेल्या 'एल्को' या चौकटीवर नवा सर्व्हर लिहिला गेला. खेळाडूकडचा भाग मात्र तोच, १९८६ च्या काळातला. आजच्या संगणकात कमोडोरची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर चालवायचा, त्यात जुन्या फ्लॉपीची प्रत घालायची आणि तार जोडायची. २०१७ पासून पॉप्युलोपोलिसच्या रस्त्यांवर पुन्हा अवतार चालू लागले.

२२/ काय परत मिळाले? रस्ते, घरे, झाडे, हालचालीचा तो संथ ठेका. आणि तीस अक्षरांच्या तारेवर नगर कसे उभे राहिले याचा चालता-बोलता पुरावा. काय मिळाले नाही? बाहुल्या घेऊन रात्रभर फेऱ्या मारणारे व्यापारी, अक्रोडाच्या संघाचे अनुयायी, मतदानाची चुरस. कोड चालू केल्याने ते परत येत नाहीत. ते उरले आहेत फक्त टिपणांत आणि निबंधात. टिपणे नसती, तर पुनरुज्जीवित नगर म्हणजे आखीव पण मुके उत्खनन ठरले असते.

२३/ हॅबिटॅट एकटे नाही. २००३ च्या 'उरू' या खेळात खेळाडूंनी ओस पडलेले एक भूमिगत नगर पुन्हा वसवायचे होते. त्याची ऑनलाइन बाजू पूर्णपणे खुली होण्याआधीच, फेब्रुवारी २००४ मध्ये, ती गुंडाळल्याची घोषणा झाली. चाहत्यांनी निर्मात्यांच्या संमतीने स्वतःचे सर्व्हर चालवले. २०१० पासून खेळ देणग्यांवर विनामूल्य सुरू आहे आणि २०११ मध्ये त्याचा कोडही खुला झाला. ओसाड नगर सावरण्याची कथा खेळाडूंनी खेळाबाहेरही खरी करून दाखवली.

२४/ 'सिटी ऑफ हीरोज'ची वाट वेगळी. तो २०१२ मध्ये बंद झाला. काही जण तो गुपचूप चालवीत असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि २०२४ च्या जानेवारीत हक्कधारक कंपनीने चाहत्यांच्या एका सर्व्हरला रीतसर परवाना दिला. म्हणजे पाच वर्षे हे जतन कायद्याच्या कडेवर उभे होते. अमेरिकेत २०१८ मध्ये ग्रंथालये, अभिलेखागारे आणि संग्रहालयांना बंद पडलेले ऑनलाइन खेळ जतन करण्यासाठी मर्यादित सवलत मिळाली. पण खेळाचा आणि सर्व्हरचा कोड त्यांच्याकडे कायदेशीररीत्या असेल, तरच.

२५/ हा प्रश्न दूरदेशीचा वाटत असेल, तर २ सप्टेंबर २०२० आठवावा. त्या दिवशी भारत सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली. त्यांत 'पबजी मोबाईल' होता. ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हर भारतासाठी बंद झाले. बंदी योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद. इतिहासाच्या दृष्टीने इतकेच नोंदवायचे की टाळेबंदीच्या काळात गावोगावच्या मुलांनी जमवलेली पथके, त्यांची नावे, रात्रीच्या बैठका आणि त्यांतली भाषा यांचा एक मोठा समाज त्या दिवशी विखुरला. पुढच्या वर्षी 'बीजीएमआय' आला. पण नवे गाव वसले म्हणजे जुन्या गावाची बखर आपोआप लिहिली जात नाही.

२६/ नांदेड-लातूरच्या मुलांनी त्या काळात कसे खेळले, कोणत्या मराठीत एकमेकांना हाका मारल्या, हरल्यावर काय म्हटले, हे उद्याच्या अभ्यासकाला कोणत्याही सर्व्हरवर सापडणार नाही. ते सापडेल जुन्या पडद्यांच्या छायाचित्रांत, जपून ठेवलेल्या संवादांत, आणि कुणी लिहून ठेवले असेल तर त्या वहीत. म्हाइंभट लोकांकडे विचारीत गेले, कारण तेव्हा विचारता येण्याजोगी माणसे हयात होती. पबजी खेळलेली मुले आज विशीत आहेत. विचारायला अजून उशीर झालेला नाही.

(धागा समाप्त. आपल्या गावात, वसतिगृहात किंवा गल्लीत अशा बंद पडलेल्या खेळाच्या आठवणी असतील, तर साल आणि ठिकाणासह खाली जरूर लिहाव्यात. इतरांची नावे मात्र त्यांच्या संमतीशिवाय लिहू नयेत.)